खुणेची अंगठी आणि गळ्यातले ओळखपत्र

गेल्या दिवाळीत पाडव्याला आम्ही सारे थोरल्या भावाकडे फराळाला जमलो होतो. माझा पुतण्या रात्रपाळी आटोपून थेट घरी आला तो गळ्यात कंपनीचे ओळखपत्र तसेच घेऊन. वहिनींनी चकल्यांची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "अरे, ते लोढणं घरात तरी काढून ठेव. आम्ही ओळखतो तुला."

सगळे हसले. पुतण्याही हसला, पण ओळखपत्र काढता काढता मला म्हणाला, "काका, तुम्ही हसताय, पण आमच्याकडे सगळ्यांची नवी ओळखपत्रं करायची आहेत, आणि त्यांचा आराखडा नेमका माझ्या गळ्यात पडलाय. कुणाला खोटं करता येऊ नये, आणि चोरलं तरी वापरता येऊ नये, असं हवं आहे. तुमच्या साहित्यात असल्या गोष्टी कुठल्या असायला म्हणा!"

आयुष्यभर संस्कृत नाटके शिकवण्यात घालवलेल्या माणसाला याहून गोड आव्हान कोणते असणार? मी त्याला म्हटले, "बाबा रे, आमच्या साहित्यात दुसरे आहेच काय? कालिदासाच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाच्या नावातला पहिला शब्दच मुळी 'अभिज्ञान' असा आहे. अभिज्ञान म्हणजे ओळख पटवणारी खूण. तुझ्या भाषेत, ओळखपत्र."

ते बोलणे फराळाबरोबर संपले, पण माझ्या मनातून विषय गेला नाही. जी नाटके आपण शृंगारासाठी, करुणासाठी किंवा राजकारणासाठी वाचली, तीच एकदा त्या खुणेच्या अंगठीच्या बाजूने वाचून पाहावी असे वाटले. तशी ती वाचली, आणि जे दिसले ते वाचकांपुढे ठेवतो आहे. पुतण्याच्या कामाला त्याचा उपयोग झाला तर तो केवळ फराळावरचा विडा समजावा.

खूण माणसाच्या जागी उभी राहते, हे तिचे सामर्थ्य आणि हाच तिचा धोका. राजा सगळीकडे जाऊ शकत नाही, म्हणून त्याची अंगठी जाते. मालक दारात उभा राहू शकत नाही, म्हणून रखवालदार कार्ड पाहतो. पण माणूस हरवत नाही, अंगठी हरवते. माणसाची नक्कल करणे अवघड, मुद्रेची सोपी. तेव्हा प्रत्येक खुणेला तीन प्रश्न विचारावे लागतात. ही घेऊन आलेला माणूस खरोखर तोच आहे काय? ही हरवली वा चोरीला गेली तर काय होईल? आणि जो खरा आहे, पण ज्याच्या हाती खूण नाही, त्याचे काय करायचे? माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या तीन महान कृतींनी हे तीन प्रश्न एकेक करून हाताळले आहेत.

पहिली कृती अर्थातच वाल्मीकींचे रामायण. रामाने आपले नाव कोरलेली अंगठी हनुमानाजवळ दिली ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण अशोकवनात ती अंगठी कोणत्या क्षणी पुढे येते, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. हनुमान झाडावरून उतरला आणि त्याने अंगठी सीतेपुढे धरली, असे वाल्मीकींनी घडवलेले नाही. संन्याशाच्या वेशाने सीता एकदा फसलेली आहे. समोरचा वानर म्हणजे रूप पालटून आलेला रावणच असेल, अशी शंका तिला येते. म्हणून ती आधी प्रश्न विचारते. रामलक्ष्मणांच्या अंगावरच्या खुणा कोणत्या? नरांची आणि वानरांची गाठ पडली कशी? हनुमान या सर्वांची तपशीलवार उत्तरे देतो, सीतेचे मन निवळते, आणि मग अंगठी बाहेर निघते. अंगठी विश्वासाला आरंभ करून देत नाही, ती विश्वास पुरा करते.

परतताना हेच उलट दिशेने घडते. सीता चूडामणी देते, पण नुसता चूडामणी देऊन थांबत नाही. चित्रकूटावर एका कावळ्याने तिला टोचले होते, तेव्हा रामाने दर्भाची काडी मंत्रून त्याच्यामागे सोडली होती. ही हकीकत ती हनुमानाला सांगते आणि रामाला खूण म्हणून सांगायला लावते. चूडामणी कुणीही हिसकावून नेऊ शकला असता. कावळ्याची आठवण हिसकावून नेता येत नाही. हातात धरता येईल अशी एक वस्तू आणि मनात ठेवता येईल असे एक गुपित, ही जोडी आज बँकांपासून कचेऱ्यांपर्यंत सर्वत्र सुरक्षिततेचा पाया मानतात. कार्ड आणि त्याबरोबर टिपायचा गुप्त आकडा, ही दुसरे काय आहे?

दुसरा प्रश्न चोरीचा. तो विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त आहे, आणि माझ्या मते ओळखपत्राच्या सुरक्षिततेवर याहून सूक्ष्म नाट्यकृती लिहिली गेलेली नाही. राक्षस हा नंदांचा निष्ठावंत अमात्य. तो नगर सोडून जाताना त्याची अंगठी त्याच्या पत्नीजवळ राहते. ती चंदनदास जवाहिऱ्याच्या घरी आश्रयाला असते. दारात धावत आलेल्या लहान मुलाला आत ओढताना तिच्या बोटातून ती सैल अंगठी गळते आणि घरंगळत चाणक्याच्या हेरापाशी येते. एवढ्याशा अपघातावर सारे नाटक उभे आहे. पुरुषाच्या बोटाच्या मापाची अंगठी स्त्रीच्या बोटात सैल बसणारच. आपली खूण दुसऱ्याकडे ठेवायला दिली की ती पहिल्या धक्क्याला निसटते, हा विशाखदत्ताचा पहिला धडा.

दुसरा धडा त्याहून भारी आहे. चाणक्य त्या अंगठीने एका पत्रावर मुद्रा उमटवतो आणि मग अंगठी जपून ठेवत नाही. ती सिद्धार्थकाच्या हाती राक्षसाकडेच परत जाऊ देतो. राक्षसाला आपली अंगठी दिसते. तो विचारतो, ही तुझ्याकडे कशी? सिद्धार्थक सांगतो, चंदनदासाच्या दारात सापडली. एवढ्या उत्तरावर राक्षसाचे समाधान होते, आणि तो ती अंगठी पुन्हा कारभारात वापरायला देऊन टाकतो. मधल्या काळात ती कुठे होती, तिने काय काय केले, हे तो विचारीत नाही. एवढा बुद्धिमान अमात्य इथेच हरतो. पुढे मलयकेतूच्या हाती ते पत्र पडते. अक्षर ताडून पाहावे तर शकटदासाचे खरे अक्षर, मुद्रा पाहावी तर राक्षसाची खरी मुद्रा. खोटा आहे तो फक्त मजकूर. राक्षसाला खोट्या अंगठीने घात केलेला नाही, खऱ्या अंगठीनेच केला आहे.

आणि तिसरा धडा पाचव्या अंकात. मलयकेतूच्या छावणीतून मुद्रेवाचून कुणी बाहेर जायचे नाही, आत यायचे नाही, अशी कडक आज्ञा सुटलेली आहे. आजच्या कुठल्याही कारखान्याच्या दारावरचा नियम तो हाच. पण त्या मुद्रा देणारा अधिकारी भागुरायण, आणि तो तर आतून चाणक्याचा माणूस! दारावरचे पहारेकरी चोख आहेत, मुद्रा अस्सल आहे, नियम निर्दोष आहे. फक्त मुद्रा वाटणारा हात शत्रूचा आहे. ओळखपत्रे कितीही उत्तम छापली, तरी ती कोण देतो, कुणाच्या सांगण्यावरून देतो आणि त्याच्यावर कुणाची नजर आहे, हा प्रश्न छपाईच्या आधीचा आहे.

हे केवळ नाटककाराचे कल्पनाविश्व नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारीच सांगितला आहे. एका माषकात त्याने मुद्रा द्यावी, मुद्रा असेल त्यालाच जनपदात जाऊ-येऊ द्यावे, मुद्रेवाचून सापडणाऱ्या जानपदाने १२ पण दंड भरावा आणि मुद्रा खोटी निघाली तर त्याहून जबर दंड व्हावा, अशी ती व्यवस्था. शुल्क, अधिकारी, दंड, सारे आहे. खूण हरवल्यास काय, हे मात्र नाटकाला विचारावे लागले.

आता वाचक म्हणतील, अंगठीचे ठीक, आजच्या कार्डाचे काय? त्याच्यात तर विजेची विद्या आहे. खरे आहे. पण विद्या बदलली म्हणून प्रश्न बदलला असे नाही. दाराजवळच्या डबीवर कार्ड धरले की दार उघडते, त्यामागची जुनी आणि अजून अनेक ठिकाणी चालू असलेली रीत अशी: डबीतून १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांच्याच जोरावर कार्डातली चिप जागी होते आणि आपला ठरलेला आकडा बोलून दाखवते. तो आकडा रोज तोच. जो विचारील त्याला तो सांगते. वाहनात शेजारी उभा असलेला माणूस पिशवीत तसलेच यंत्र घेऊन असेल तर त्यालाही सांगते. तो आकडा दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवून घेणारी यंत्रे आज स्वस्तात मिळतात. राक्षसाच्या अंगठीला निदान बोटातून गळावे तरी लागले होते. हे कार्ड मालकाच्या गळ्यात असतानाच चोरीला जाते आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

याहून शहाणी कार्डे निघाली, पण त्यांचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मिफेअर क्लासिक या नावाची कार्डे जगभर पसरली होती. लंडनच्या प्रवाशांचे ऑयस्टर कार्डही त्याच जातीचे. त्यांचे गुपित लपवण्याची पद्धत स्वतःच गुप्त ठेवलेली होती. २००८ साली नेदरलँड्समधील नायमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी ती उलगडली आणि कार्डाची नक्कल करता येते हे दाखवून दिले. उत्पादक कंपनी तो निबंध रोखण्यासाठी न्यायालयात गेली. न्यायालयाने प्रसिद्धी अडवण्यास नकार दिला. पद्धत झाकून ठेवण्यावर भिस्त ठेवू नये, फक्त किल्ली गुप्त असावी, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहोफ्स याने १८८३ सालीच मांडले होते. सव्वाशे वर्षांनी ते पुन्हा महाग किंमत देऊन शिकावे लागले.

मग चांगले कार्ड काय करते? ते सीतेच्या रीतीने चालते. दारावरचे यंत्र दर वेळी नवा प्रश्न विचारते, म्हणजे नवा आकडा देते. कार्ड आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने त्या आकड्यावर गणित करून फक्त उत्तर परत करते. किल्ली ओठाबाहेर येत नाही. आजचे उत्तर कुणी चोरून ऐकले तरी उद्याचा प्रश्न वेगळा असतो. अंगठी आणि कावळ्याची कथा दोन्ही एका तळहाताएवढ्या तुकड्यात बसवली आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

आणि छायाचित्र? चेहरा तर खोटे बोलत नाही, असे आपण समजतो. १९९७ साली रिचर्ड केम्प आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील एका सुपरमार्केटात एक प्रयोग केला. ग्राहकांना छायाचित्र असलेली कार्डे दिली. काहींवर त्यांचे स्वतःचे, काहींवर दुसऱ्याचेच चित्र. गल्ल्यावरच्या अनुभवी माणसांनी दुसऱ्याचे चित्र असलेली निम्म्याहून अधिक कार्डे खरी मानून स्वीकारली. अनोळखी चेहरा आणि टिकलीएवढे चित्र जुळवणे माणसाला फार कठीण जाते. तोच माणूस ओळखीचा असेल तर पाठमोरा, अंधारात, वाढलेल्या दाढीतही आपण त्याला ओळखतो. म्हणजे रखवालदार रोज बदलणारा असेल तर छायाचित्र जवळजवळ व्यर्थ, आणि रखवालदार जुना असेल तर छायाचित्राची गरज थोडी. हा विरोधाभास आराखडा करणाऱ्याने विसरू नये.

कुणी म्हणेल, मग अंगठा घ्यावा, डोळा घ्यावा. त्याचीही सोय कालिदासाने करून ठेवली आहे. सातव्या अंकात लहानग्या भरताच्या मनगटावरून अपराजिता वनस्पतीचा ताईत गळून पडतो. तो स्वतः भरताने किंवा त्याच्या आईबापांनीच उचलावा. दुसऱ्या कुणी उचलला तर त्याचा सर्प होऊन डसतो. दुष्यंत सहज उचलतो आणि काही होत नाही. शरीरच साक्ष देते. पण शरीराच्या साक्षीत एक खोट आहे. अंगठी चोरीला गेली तर नवी घडवता येते, अंगठा नवा आणता येत नाही. अमेरिकेच्या सरकारी नोकरांची माहिती सांभाळणाऱ्या कार्यालयातून चोरी झाल्याचे २०१५ साली उघड झाले. तीत सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे गेले. त्या ५६ लाखांनी आता काय बदलावे?

येथवर आपण खोट्याला दाराबाहेर कसे ठेवावे हेच पाहिले. पण ओळखपत्राचा सगळ्यात मोठा गुन्हा तो नव्हे. त्याचा मोठा गुन्हा म्हणजे खऱ्याला बाहेर काढणे. तिसरा प्रश्न हाच, आणि तो 'शाकुंतला'चा प्राण आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून हे कथानक मराठी घरात पाहुणे राहिलेले नाही, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. फक्त पाचव्या अंकातला एकच क्षण पाहावा. शकुंतला बोट चाचपते. अंगठी नाही. ती शचीतीर्थाच्या पाण्यात गळलेली. तेव्हा ती काय करते? ती आठवण सांगते. वेलींच्या मांडवात दीर्घापांग नावाचे हरणाचे पाडस राजाच्या हातचे पाणी प्यायले नाही, तिच्या हातचे प्यायले, आणि त्यावर राजा काय बोलला, ती हकीकत. दोघांवाचून तिसऱ्याला ठाऊक नसलेली.

सीतेची कावळ्याची कथा आणि शकुंतलेची पाडसाची कथा, दोन्ही एकाच जातीच्या. तिकडे रामाने ती ऐकली आणि त्याचे डोळे भरून आले. इकडे दुष्यंताने ती ऐकली आणि बायकांच्या हजरजबाबीपणाची चेष्टा केली. दुष्यंताला शापाने विस्मृती झाली होती, हे मान्य. महाभारतातल्या मूळ कथेत ना शाप आहे ना अंगठी. तिथे राजा ओळखूनही नाकारतो. कालिदासाने शाप घालून राजाचे शील वाचवले, असे आपले टीकाकार सांगत आले आणि मीही वर्गात तेच सांगत आलो. पण आज मला वाटते, शापाइतकीच अंगठीची भर महत्त्वाची आहे. समोर उभ्या असलेल्या, गरोदर असलेल्या, सत्य सांगणाऱ्या स्त्रीला दरबार ओळखत नाही. तीच अंगठी कोळ्याच्या हातून आली की मात्र त्याला सारे आठवते. स्त्रीचा शब्द धातूच्या तुकड्याहून हलका ठरतो. कालिदासाने हे राजाच्या तोंडावर सांगितले नाही, कथेच्या रचनेतून सांगितले.

आणि तो कोळी! सहाव्या अंकाच्या आरंभीचा प्रवेश आपण विनोदी म्हणून हसत पाहतो. रोहित माशाच्या पोटात त्याला अंगठी सापडली. ती विकायला काढली म्हणून शिपाई त्याला बांधून मारीत आणतात. राजाचे नाव असलेली वस्तू तुझ्यासारख्याच्या हाती कशी, एवढाच त्यांचा पुरावा. तो खरे बोलतो, त्यावर कुणाचा विश्वास नाही. राजाकडून बक्षीस येते तेव्हा त्यातले अर्धे तो त्याच शिपायांना देऊन टाकतो आणि सारे मिळून गुत्त्याकडे जातात. एकच अंगठी एकीच्या हाती नव्हती म्हणून ती खोटी, एकाच्या हाती होती म्हणून तो चोर.

हा प्रवेश मला हसवीनासा झाला त्याला एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मी आठवड्यातून दोनदा जात असे. तिथल्या कायम नोकरांच्या गळ्यात निळ्या पट्ट्याची कार्डे होती. त्यावर नाव, छायाचित्र, हुद्दा. झाडलोट करणाऱ्या बायका कंत्राटावर. त्यांना पिवळी कार्डे. त्यावर नाव नाही, चित्र नाही, फक्त "हाउसकीपिंग" आणि एक आकडा. सकाळी दारावर घ्यायचे, संध्याकाळी परत करायचे. जी येईल ती हाताला येईल ते कार्ड घाली. एकदा वरच्या मजल्यावरच्या एका बाईंचे पैशांचे पाकीट दिसेनासे झाले. यंत्राची नोंद काढली, तर आदल्या दुपारी त्या खोलीत "१४" शिरले होते. त्या दिवशी १४ आकडा जिच्या गळ्यात होता तिला सर्वांदेखत बोलावले, पिशवी उलटी केली. ती परोपरीने सांगत होती की काल मी रजेवर होते, मुलीला बघायला पाहुणे आले होते. कुणी ऐकले नाही. यंत्र सांगत होते, १४. दोन दिवसांनी पाकीट त्या बाईंच्याच कपाटाच्या मागच्या कप्प्यात सापडले. सर्वांना हायसे वाटले. ज्या बाईची पिशवी उलटी केली होती तिला कुणी काही म्हणाले नाही. पुढच्या आठवड्यात १४ आकडा दुसऱ्याच बाईच्या गळ्यात होता.

या प्रसंगाकडे मी पुष्कळ दिवस केवळ अन्याय म्हणून पाहत होतो. अंगठीच्या बाजूने ही नाटके वाचल्यावर ध्यानात आले, की ते कार्ड अन्यायी होते तेवढेच असुरक्षितही होते. त्या दिवशी खरोखर चोरी झाली असती, तरी "१४" म्हणजे कोण हे कुणालाच सांगता आले नसते. बिननावाची खूण चोराला लपवते आणि निरपराध्याला अडकवते. माणसाचा मान राखणे आणि दार राखणे ही दोन वेगळी कामे आहेत असे आपण समजतो. ती एकच आहेत, हे मला त्या पिवळ्या कार्डाने शिकवले.

बिल्ल्यालाही माणूस आपले मन लावतो, हे आपल्या चित्रपटवाल्यांना समीक्षकांच्या आधी कळले होते. १९७५ सालच्या 'दीवार'मधला गोदीतला हमाल आपला ७८६ आकड्याचा बिल्ला उराशी बाळगतो, तो एकदा गोळी अडवतो, आणि शेवटी तो हातून निसटतो तेव्हा प्रेक्षकांच्या काळजात चर्र होते. मालकाला तो हजेरीचा आकडा होता. हमालाने त्याचे दैव केले. ज्या कारखानदाराला हे कळत नाही त्याने ओळखपत्राच्या वाटेला जाऊ नये.

तर मग पुतण्याला काय सांगावे? आपल्या भाषेने त्याचे अर्धे उत्तर एका शब्दात साठवून ठेवले आहे. आपण "शिक्कामोर्तब" म्हणतो ते एकाच गोष्टीचे नाव म्हणून. मुळात ते दोन आहेत. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर आरंभी मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपला तिथे मर्यादेची छोटी मुद्रा असे. पहिली सांगे, हे कुणाचे. दुसरी सांगे, हे इथे संपले, याखाली कुणी काही लिहू नये. आजच्या ओळखपत्राला शिक्का भरपूर असतो, चकचकीत बोधचिन्ह असते. मोर्तब नसतो. हे कुठवर चालेल, कुठल्या दारापुढे चालणार नाही आणि हरवल्याचे कळताच किती मिनिटांत रद्द होईल, हे ठरलेले नसते. पाहुण्यांसाठी एका दिवसात आपोआप लाल होणारे कागदी बिल्ले मिळतात. त्यांना मोर्तब आहे. नोकरी सोडून गेलेल्याचे कार्ड महिनोन्महिने दार उघडीत राहते, त्याला नाही.

उरलेले उत्तर या तीन कृतींतून निघते. कार्डावर नाव ठळक असावे, चित्र मोठे असावे, कारण ते दारावरच्या माणसाने वाचायचे आहे. घरचा पत्ता, जन्मतारीख असले काही नसावे, कारण ते सापडेल त्या प्रत्येकाला आपण वाचायला देतो. कार्ड रस्त्यात पडले तर ते कोणत्या इमारतीचे कोणते दार उघडते, हेही त्याने सांगू नये. परत करण्यापुरती एक टपालपेटी पुरे. जिथे धोका मोठा तिथे कार्डाबरोबर गुप्त आकडाही मागावा. हरवून सापडलेले कार्ड राक्षसाप्रमाणे पुन्हा बोटात घालू नये, मोडून नवे करावे. आणि हरवल्याचे सांगायला येणाऱ्याला दंड करू नये. दंडाच्या भीतीने तो दोन दिवस गप्प बसेल, आणि तेच दोन दिवस चोराला हवे असतात. कार्डे देणाऱ्यावर दुसऱ्या कुणाची नजर असावी. नाव सर्वांच्या कार्डावर असावे, झाडणाऱ्या बाईच्याही. आणि कार्ड विसरून आलेल्या खऱ्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणारा कुणीतरी जिवंत माणूस दारापाशी असावा. हे शेवटचे कलम सगळ्यात खर्चाचे आहे, आणि सगळ्यात आधी कापले जाते.

हे सारे मी भाऊबीजेच्या दिवशी पुतण्याला सांगितले. तो मुकाट्याने लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "काका, सगळं पटलं. पण एवढं सगळं केल्यावर तरी कार्डावर पुरता विश्वास ठेवता येईल ना?"

मी त्याला 'शाकुंतला'चा शेवट आठवून दिला. सातव्या अंकात सारे गैरसमज फिटले आहेत, मुलगा कुशीत आहे, आणि राजा ती अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो. शकुंतला ती घेत नाही. आता या अंगठीचा आपल्याला भरवसा वाटत नाही, ती त्यानेच घालावी, एवढेच ती म्हणते. रुसवा म्हणून आपण ते वाक्य सोडून देतो. मला ते साऱ्या नाटकाचे सार वाटते. ज्याला ओळखायचे आहे त्याने खूण आपल्यापाशी ठेवावी. आपण आहोत ते आहोतच.

पुतण्या हसला. आतून वहिनींनी हाक मारली, ओवाळायचे ताट तयार झाले होते. तो उठला आणि आपणहून गळ्यातले कार्ड काढून खुंटीला अडकवून पाटावर जाऊन बसला.